काकू इथे काम करतात की नाही

काकूंचं ऑपरेशन झालं, पित्ताशय निघालं, आतले अकरा खडे डॉक्टरांनी बाटलीत घालून हातात दिले आणि बिल विमा कंपनीने भरलं. झालं, संपली गोष्ट.

पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. सरांना ते अजून माहीत नाही, आणि इतक्या लवकर कळून चालणारही नाही. कारण एखादी गोष्ट नीट पार पडणार हे सरांना आधी कळलं, की 'मग आता दुसरं काय बिघडणार' या विचाराने ते दुप्पट हैराण होतात. तेव्हा आपण काकूंचे टाके उसवू, खडे मोजून जागच्या जागी ठेवू आणि तीन महिने मागे जाऊ. तिथे समुपदेशन केंद्राच्या खिडकीशी सर उभे आहेत, आणि त्यांच्या पोटात गोळा आलेला आहे.

खरं तर दुसऱ्यांच्या पोटातला गोळा काढणं हाच सरांचा व्यवसाय. चिंता या विषयात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. येणारी माणसं म्हणत, "सरांना आपलं दुखणं अगदी आतून कळतं." आतून म्हणजे किती आतून, ते फक्त सरांच्या बायकोला ठाऊक होतं. सर दाराला कुलूप लावून चार पायऱ्या उतरायचे, परत चढून कुलूप ओढून बघायचे, आणि ओढताना ते सैल तर झालं नाही ना, या काळजीने पुन्हा ओढायचे.

केंद्र तिसऱ्या मजल्यावर होतं. तळाला झेरॉक्सचं दुकान, समोरच्या दारात दातांचे डॉक्टर. जिन्यावरून कण्हत उतरणारा माणूस दातांचा की मनाचा, हे त्याने गालाला हात लावलाय की डोळ्यांना, त्यावरून ओळखायचं. केंद्रात एकूण सात माणसं कामाला: सर, जोडप्यांची भांडणं ऐकणाऱ्या मॅडम, मुलांशी खेळणाऱ्या ताई, नुकतेच परीक्षा पास झालेले आणि त्यामुळे सगळं येत असलेले दोन समुपदेशक, फरशी पुसणाऱ्या मावशी आणि काउंटरवरच्या काकू.

काकू अकरा वर्षं त्या काउंटरवर होत्या. त्या कुणाच्या काकू होत्या हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि विचारलं असतं तरी कळलं नसतं. कारण केंद्राचा एक नियम होता. काकू यायच्या आधी काउंटरवर एक हसतमुख मुलगी बसायची. एकदा कुणा सासूबाईंचा फोन आला, "आमची सून येते का हो तुमच्याकडे?" मुलगी हसतमुखाने म्हणाली, "हो, आत्ताच रडून गेल्या." त्यानंतर जे झालं ते निस्तरायला जोडप्यांच्या मॅडमना दोन वर्षं लागली. त्याच दिवशी सरांनी स्वतःच्या हाताने, लाल शाईने, एक पुठ्ठा लिहून फोनशेजारी चिकटवला: 'कोण येतं, कोण जातं, कोण आहे, कोण नाही, हे कुणालाही, कधीही, कोणत्याही कारणासाठी सांगायचं नाही.'

काकूंनी पहिल्या दिवशी पुठ्ठा वाचला आणि विचारलं, "कुणालाही म्हणजे?"

"कुणालाही," सर म्हणाले.

हा एक शब्द सरांना पुढे किती महाग पडणार होता, हे तेव्हा त्यांना कळलं असतं तर त्यांनी पुठ्ठ्यावर एखादा अपवाद लिहिला असता. पण काही न लिहिण्याचा निर्णय सरांनी आयुष्यात फार क्वचित घेतला होता, आणि तो नेमका तिथे घेतला.

तर खिडकी आणि गोळा. झालं होतं असं, की सकाळी काकू वहीत कुणाची तरी वेळ लिहिता लिहिता थांबल्या. त्यांनी काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटले. सर धावले.

"काकू, दुखतंय का?"

"सांगता येणार नाही," काकू दात आवळून म्हणाल्या.

तेवढ्यात वहीतून चार घड्या घातलेला कागद खाली पडला. सरांनी तो उचलला आणि नियम मोडून वाचला. पित्ताशयात खडे. सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन करून घ्या, पुढचा झटका अंगाशी येईल. कागदावर दीड महिन्यापूर्वीची तारीख होती.

"काकू, तुम्ही हे लपवलंत?"

"लपवलं नाही. सांगितलं नाही. दोन्हीत फरक आहे, असं तुम्हीच लोकांना शिकवता."

खर्च झेपणारा नव्हता. काकूंनी स्वतःपुरता विमा काढायचाही प्रयत्न करून पाहिला होता. कंपनीचं म्हणणं पडलं, की आधीपासून असलेल्या दुखण्याचा खर्च चार वर्षांनी मिळेल. म्हणजे खड्यांना तोवर गप्प बसायला सांगा. पण एका छोट्या ओळीत असंही लिहिलं होतं, की सात किंवा जास्त कर्मचाऱ्यांचा एकत्र विमा काढला, तर जुनं दुखणंसुद्धा पहिल्या दिवसापासून धरलं जातं.

सरांनी बोटांवर मोजलं. सातच. मग पुन्हा मोजलं, सहा तर नाहीत ना म्हणून.

"काकू, तुम्ही डॉक्टरांकडून तारीख घ्या. विमा मी काढतो."

काकूंनी चष्म्यावरून बघितलं. या केंद्रात अकरा वर्षांत कुणी कुणाला 'मी करतो' असं म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. इथे सगळे 'तुम्हाला काय वाटतं?' असंच म्हणत. काकूंनी तारीख घेतली: तीन महिन्यांनंतरची बारा तारीख.

संध्याकाळी घरी सरांनी बायकोला सांगितलं. बायको एका शाळेच्या कचेरीत होती आणि अर्ज या प्राण्याला घाबरत नसे.

"अहो, साधा फॉर्म तर आहे. भरायचा नि द्यायचा."

"आणि नामंजूर झाला तर?"

"तर पुन्हा भरायचा."

"आणि तोपर्यंत काकूंना काही झालं तर?"

बायकोने पोळी लाटता लाटता लाटणं थांबवलं. "तुम्ही लोकांची चिंता काढून घेता ना? मग ती तिथेच ठेवून येत जा. घरी कशाला आणता पिशवीतून?"

दुसऱ्या दिवशी विमा एजंट आला. हा अत्यंत आनंदी माणूस होता. त्याचं प्रत्येक वाक्य 'देव न करो' या शब्दांनी सुरू व्हायचं आणि पुढे देवाने जे जे करू नये त्याची तपशीलवार यादी यायची.

"देव न करो सर, उद्या तुम्ही जिन्यावरून पडलात. देव न करो, पाठीवर पडलात. देव न करो, त्याच वेळी वरून मॅडम येत होत्या, त्या तुमच्यावर पडल्या. दोघंही कव्हर!"

सर त्या दिवसापासून कठडा धरून जिना उतरू लागले. मॅडम वरून येत नाहीत ना, हे वळून बघू लागले. मॅडमना वाटलं, सर आपल्याला टाळतायत, त्यांनी सरांसमोर खुर्ची ओढून शांतपणे विचारलं, "आपल्या नात्यात काही न बोललेलं राहिलंय का?" त्यात एक दुपार गेली.

फॉर्म नऊ पानी होता. सर तो घेऊन खाली झेरॉक्सला गेले, कारण सरांचा शिरस्ता असा, की आधी कोऱ्या फॉर्मची प्रत काढायची, ती पेन्सिलीने भरायची, तिची प्रत काढायची आणि मग खऱ्याला हात लावायचा. झेरॉक्सवाल्याने पानं उलटत फुकटचा सल्ला दिला.

"सर, पहिली गोष्ट. फॉर्म खरा भरायचा नसतो. बरोबर भरायचा असतो."

"दोन्हीत फरक काय?"

"खरा भरलेला परत येतो."

दातांचे डॉक्टरही तिथेच काही प्रती काढत उभे होते. "मी तर माणूसच ठेवत नाही," ते म्हणाले. "माणूस ठेवला, की तो आजारी पडतो. खुर्ची घ्या एखादी चांगली. माझी खुर्ची बावीस वर्षं झाली, एकदा शिंकली नाही."

सरांनी दोघांचे आभार मानले आणि फॉर्म खरा भरला. प्रश्न चौदावा होता: 'संस्थेत मानसिक उपचार घेणाऱ्या व्यक्ती आहेत काय? असल्यास संख्या.' सरांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'रोज साधारण तीस.' प्रश्न सोळावा: 'संस्थेत धोकादायक स्वरूपाचे काम चालते काय?' तो त्यांनी चर्चेला ठेवला. जोडप्यांच्या मॅडम ताबडतोब 'होय' म्हणाल्या आणि भिंतीवरची खूण दाखवली; तिथे पूर्वी फुलदाणी फुटली होती.

फॉर्म परत आला. सात कर्मचाऱ्यांपैकी तीस जण मानसिक रुग्ण कसे, असा खुलासा मागितला होता. खुलासा गेला. खुलाशावर शिक्का नाही म्हणून तो परत आला. शिक्का बनवून घेतला, तर त्यात 'समुपदेशन' ऐवजी नुसतं 'देशन' उमटत होतं, कारण अर्धा शिक्का शाईला टेकतच नव्हता. या सगळ्यात दोन महिने गेले. सरांना आता झोप लागेनाशी झाली. एके दिवशी चिंतेसाठी येणारे एक सेवानिवृत्त गृहस्थ बोलता बोलता मध्येच थांबले आणि म्हणाले, "सर, तुम्ही पाय हलवताय. माझ्याबरोबर करा बघू. चार आकडे श्वास आत. सहा आकडे बाहेर." सरांनी केलं. बरं वाटलं. फी कुणी घ्यायची, यावर दोघांचाही थोडा संकोच झाला.

आणि मग एजंटचा फोन आला. "सर, काम झालंच! आता फक्त कंपनीतून एक फोन येईल. ही माणसं तुमच्याकडे आहेत ना, एवढंच विचारतील. 'हो' म्हणायचं, की पॉलिसी हातात. देव न करो, त्यात काय अडचण येणार?"

फोन गुरुवारी आला. सर आतल्या खोलीत होते. समोर एक तरुण बसला होता, ज्याचं आयुष्यभराचं दुःख असं, की तो बोलायला लागला की लोक उठून जातात. सहा आठवडे तो हवापाण्यावर बोलत होता, आज प्रथमच मनातलं सांगायला त्याने तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडे काकूंचा आवाज आला, "नमस्कार. बोला."

काकूंचा फोन जुना होता. पलीकडच्या माणसाचा आवाज जिन्यापर्यंत जायचा. सरांना दोन्ही बाजू ऐकू येत होत्या.

"नमस्कार, विमा कंपनीतून बोलतेय. आपल्याकडच्या सात कर्मचाऱ्यांची खात्री करायची होती." मुलीने सरांचं पूर्ण नाव घेतलं. "हे तिथे असतात का?"

"सांगता येणार नाही."

मुलीने मॅडमचं नाव घेतलं. ताईंचं घेतलं. दोन्ही नव्या समुपदेशकांची घेतली. मावशींचं घेतलं.

"सांगता येणार नाही."

"बरं, तिथे कुणीतरी काम करतं का?"

"तेही सांगता येणार नाही."

"पण मॅडम, तुम्ही फोन उचललात ना?"

"वाजला म्हणून उचलला."

"म्हणजे तुम्ही तिथे काम करता?"

"असं मी म्हटलेलं नाही."

सरांनी खुर्चीच्या हातांना घट्ट धरलं. उठलो तर हा मुलगा जन्मात पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही उठलो तर काकू. ते अर्धवट उठले. मुलगा बोलायचा थांबला. ते बसले, मुलगा बोलू लागला. असं तीनदा झालं. शेवटी ते बसले.

बाहेर मुलीने सातवं नाव घेतलं. ते काकूंचं होतं, नवऱ्याच्या नावासकट. काकूंनी चष्मा नाकावर नीट बसवला.

"या बाईंबद्दल तर," त्या म्हणाल्या, "मी एक अक्षर बोलणार नाही."

आठवड्याने पत्र आलं: 'आपल्या संस्थेत दूरध्वनीवरून चौकशी केली असता, संस्थेत एकही कर्मचारी नसल्याचे, व फोन उचलणाऱ्या व्यक्तीस स्वतःच्या अस्तित्वाबाबत खात्री नसल्याचे आढळून आले. सबब प्रत्यक्ष तपासणी करण्यात येईल.'

सर पत्र घेऊन काउंटरशी गेले.

"काकू, अहो, विमावाल्यांना सांगायचं होतं! तुमच्याचसाठी चाललंय ना हे सगळं?"

"ते विमावालेच कशावरून?" काकूंनी शांतपणे विचारलं. "मागच्या वर्षी एक नवरा गॅसवाला होऊन फोन करायचा. त्याच्या आधीचा बँकेतून बोलायचा. तुम्ही काय लिहिलंय? कुणालाही."

"तारीख आलीय काकू तुमची! तेवीस दिवस राहिलेत!"

"मला ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "खडे माझे आहेत." आणि मग पुठ्ठ्यावर बोट ठेवून, "सर, त्या बायका, ती लहान पोरं, तो तुमचा न बोलणारा पोरगा, हे सगळे इथे जिना चढून येतात ते कशाच्या भरवशावर? या पुठ्ठ्याच्या. मी माझ्या दुखण्यासाठी तो एकदा बाजूला केला, तर मग पुठ्ठाच तो. खोक्याचा."

पुठ्ठा आपणच लिहिला आहे, हे सरांना आठवलं आणि त्यांनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बाई बरोबर बोलतेय. आता तुम्हीच बसा फोनपाशी." तेही त्यांनी केलं. एक अख्खा दिवस सगळ्यांच्या वेळा पुढे ढकलून सर फोनसमोर बसले. फोन एकदाच वाजला, आणि तेव्हा सर बाथरूममध्ये होते. आतूनच ओरडले, "हो म्हणा! हो म्हणा!" रांगेत बसलेल्या चौघांनी दचकून काकूंकडे पाहिलं. रॉंग नंबर होता.

तपासनीस न कळवता आले. बारीक अंगाचे, गळ्यापर्यंत बटणं लावलेले, हातात कंपनीची बॅग. काउंटरशी येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "मी तपासणीसाठी आलोय."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. काकूंच्या अकरा वर्षांत एकही पुरुष स्वतःसाठी म्हणून त्या काउंटरवर आला नव्हता. कुणी मित्रासाठी चौकशी करायला आलेला असे, कुणी मीटर बघायला, कुणी जिना चुकून. काकू प्रत्येकाला बसवत, आणि अर्ध्या तासाने तो मित्र हाच होता असं निघे.

"हो हो," काकू मायेने म्हणाल्या. "सगळे तसंच म्हणतात. बसा."

"अहो, मी विमा कंपनीतून..."

"असू दे. कुठूनही आलात तरी चालतं इथे. पाणी घ्या. घाई नाही."

तपासनीस बसले. त्यांच्या नोकरीत त्यांना आजवर 'साहेब बाहेर गेलेत' म्हणणारे भेटले होते, कुत्रं सोडणारे भेटले होते. 'बसा, घाई नाही' म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. काकूंनी त्यांच्यापुढे पहिल्या भेटीचा फॉर्म सरकवला. समोर फॉर्म आला की भरायचा, ही जन्माची सवय. झोप? भरलं. भूक? भरलं. 'शेवटचं कुणाशी मनमोकळं बोललात?' इथे पेन थांबलं. बराच वेळ थांबलं.

मॅडमची एक जोडी भांडून मधूनच निघून गेली होती, त्यामुळे खोली रिकामी होती. "एकटेच आलात?" मॅडमनी दार उघडून विचारलं.

"एकटाच असतो," तपासनीस म्हणाले, आणि त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला.

ते पन्नास मिनिटांनी बाहेर आले. डोळे लाल, वरचं बटण उघडं. पुढच्या गुरुवारची वेळ घेतली आणि हलक्या पावलांनी जिना उतरले. सरांना खिडकीतून त्यांच्या हातातली बॅग दिसली, बॅगेवरचं चिन्ह दिसलं, आणि ते काउंटरवर जवळजवळ कोसळले.

"काकू! ते कोण होते?"

"सर," काकू दुखावून म्हणाल्या, "असं काय विचारता?"

दुसऱ्या दिवशी कंपनीतून फोन. आमचे तपासनीस काल तुमच्याकडे आले होते का? सांगता येणार नाही. त्यांचा अहवाल आलेला नाही, ते काय म्हणत होते? तेही सांगता येणार नाही. सर आतून ऐकत होते. त्यांनी चार आकडे श्वास आत घेतला. बाहेर सोडायचं विसरले.

पण पुढच्या गुरुवारनंतर, म्हणजे बाराला सहा दिवस असताना, अहवाल गेला. त्याची प्रत एजंटने आणून दाखवली: 'संस्था अस्तित्वात आहे. कर्मचारी सात आहेत. काउंटरवर एक व्यक्ती असून ती असल्याबद्दल मला व्यक्तिशः समाधान आहे. ही माहिती मला कशी मिळाली ते सांगता येणार नाही.' कंपनीने त्यावर तीन दिवस विचार केला आणि पॉलिसी दिली. खाली मात्र शाईने एक अट लिहिली: 'पूर्वानुभव पाहता, पहिल्या दाव्याच्या वेळी संस्थेने संबंधित व्यक्ती आपली कर्मचारी असल्याचे तोंडी कळवावे, अन्यथा मंजुरी नाही.'

"देव न करो," एजंट म्हणाला, पण पुढे काय म्हणायचं ते त्यालाही सुचलं नाही.

बारा तारखेला सकाळी काकू दवाखान्यात गेल्या. जाण्याआधी त्यांनी पेन्सिलींना टोकं केली, वही उघडून ठेवली आणि सरांना काउंटरच्या खुर्चीत बसवलं. "प्रत्येक फोनची नोंद करायची. वेळ, कोण, काय सांगितलं." सर 'हो' म्हणाले. त्या खुर्चीत बसल्यावर पुठ्ठा बरोबर डोळ्यांसमोर येतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं तो त्यांनी फक्त बाजूने पाहिला होता.

अकरा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. रांगेत चौघं बसले होते. त्यांत ते सेवानिवृत्त गृहस्थ होते, आणि तो न बोलणारा तरुणही.

"विमा कंपनी. दवाखान्यातून मंजुरी मागितलीय. पेशंटला आत घेतायत." मुलीने काकूंचं पूर्ण नाव घेतलं. "या तुमच्याकडे काम करतात का? हो की नाही तेवढं सांगा, सर. नाहीतर आजचं ऑपरेशन पुढे जाईल."

"सांगता..." सरांच्या तोंडून निघून गेलं. पुठ्ठा समोर होता. आपलंच अक्षर. खोलीतले चौघं त्यांच्याकडे बघत होते, आणि त्या चौघांचा जिना चढण्याचा भरवसा त्या पुठ्ठ्यावर होता. आणि पलीकडे काकू, चष्मा काढून, हिरव्या कपड्यात, काउंटर नसलेल्या.

"हॅलो? सर?"

"चार आकडे आत," गृहस्थ कोपऱ्यातून हळूच म्हणाले.

"सांगून टाका ना सर," न बोलणारा तरुण बोलला. "आम्ही ऐकत नाही." आणि त्याने खरोखरच दोन्ही कानांत बोटं घातली. मग बाकीच्या तिघांनीही घातली.

"हो!" सर म्हणाले. आणि ते एवढ्यावर थांबले असते तर ते सर कसले? "हो, करतात! अकरा वर्षं करतात! इथे खरं काम फक्त त्याच करतात, आम्ही नुसते ऐकतो! लोक आमच्याकडे येतच नाहीत हो, त्यांच्याकडे येतात. त्या आत पाठवतात म्हणून आम्हाला भेटतात! पोटात अकरा दगड घेऊन ती बाई इथे बसून दुसऱ्यांना पाणी देत होती! आत घ्या त्यांना, आत्ताच्या आत्ता!"

पलीकडे संगणकाची कळ दाबल्याचा आवाज आला.

"सर, नुसतं 'हो' पुरलं असतं," मुलगी म्हणाली. तिचा आवाज जरा ओला होता.

सरांनी फोन ठेवला, वही ओढली आणि लिहिलं: 'अकरा वीस. विमा. हो सांगितलं.'

पोटात किती दगड आहेत हे सरांना आधीच कसं कळलं, असं कुणी विचारेल. कळलं नव्हतं. चिंतेत त्यांच्या तोंडी जो आकडा आला तोच निघाला. त्यांच्या चिंतेने आयुष्यात बरोबर सांगितलेली ही एकमेव गोष्ट.

काकू तीन आठवड्यांनी आल्या. खड्यांची बाटली काउंटरवर, पेन्सिलींच्या शेजारी ठेवली, चष्मा लावला आणि पहिल्यांदा वही उघडली. एका ओळीवर बोट थांबलं.

"सर. तुम्ही सांगितलंत?"

"काकू, तुम्ही टेबलावर होतात!"

"टेबलावर मी होते. पुठ्ठा नव्हता." त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. "आणि ते 'नुसते ऐकतो' वगैरे काय म्हणालात? ते कुणी कुणी ऐकलं?"

"कुणी नाही. सगळ्यांनी कानात बोटं... पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगता येणार नाही," काकू म्हणाल्या, आणि कोऱ्या कागदांची थप्पी त्यांच्याकडे सरकवली. "तुम्हाला काय वाटतं, आता काय करायला हवं?"

सर बसले आणि लिहू लागले. काकूंनी दोन ठिकाणी दुरुस्ती केली, झेरॉक्सवाल्याने तीन प्रती काढून दिल्या आणि म्हणाला, "सर, हा अर्ज खराही आहे आणि बरोबरही. आता याचं काय होतं ते बघायला मी दुकान उघडं ठेवीन." अर्ज असा:

'प्रति, दावे विभाग. महोदय, दिनांक बारा रोजी अकरा वाजून वीस मिनिटांनी आमच्या संस्थेच्या दूरध्वनीवरून एका व्यक्तीबाबत आपणांस अनवधानाने, व गरजेपेक्षा बरीच जास्त, माहिती देण्यात आली. सदर व्यक्ती आमच्याकडे काम करते किंवा कसे, हे संस्थेच्या नियमानुसार कळवता येत नाही. तरी आपणांस नम्र विनंती की, दाव्याची भरलेली रक्कम तशीच ठेवून, सदर माहिती आपल्या दप्तरातून, तसेच ती ऐकणाऱ्या आपल्या कर्मचारी भगिनींच्या स्मरणातून, मागील तारखेपासून काढून टाकण्यात यावी. आणि काढून टाकल्याचे आम्हांस कळवू नये, कारण तसे कळवल्यास ती काय होती हे पुन्हा आठवावे लागेल. आपले तपासनीस दर गुरुवारी कुठे असतात, याबाबतही कृपया विचारणा करू नये. कळावे. खाली सही आहे. ती कोणाची, ते सांगता येणार नाही.'